रक्तगट वेगळा, तरी मूत्रपिंड आईचेच

घरातल्या कुणाची मूत्रपिंडे निकामी झाली आणि डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला, की आठवड्याभरात घरात रक्तगटांची मोजणी सुरू होते. थोरल्याचा बी, धाकटीचा एबी, मामांचा कार्डावर एक आणि तपासणीत निघालेला दुसराच. एरवी वाहन परवान्यावर पडून राहिलेले ते अक्षर अचानक सगळ्यात महत्त्वाचे होते. आणि कितीतरी घरांत ही मोजणी एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : ‘रक्तगट जुळत नाही.’

शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचे एक घर डोळ्यांपुढे आणा. घोडगंगा साखर कारखान्याचे हे गाव. सभोवती ऊस, गावात ग्रामीण रुग्णालय. पण प्रत्यारोपण करायचे तर शिक्रापूरमार्गे पुणेच गाठावे लागते. समजा, घरातला तिशीचा मुलगा वर्षभर डायलिसिसवर आहे. त्याचा गट ओ. वडिलांचाही ओच, पण त्यांना वीस वर्षांचा मधुमेह, म्हणून ते बाद. आई धडधाकट, गट मात्र ए. ‘‘माझी घ्या ना डॉक्टर, मला कशाला लागतात दोन-दोन?’’ असे ती म्हणणार. आणि डॉक्टर सांगणार, ‘‘मावशी, तुम्ही द्यायला तयार आहात, पण त्याचं रक्त ती ठेवून घेणार नाही.’’

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे हा संवाद इथेच संपत असे. आज पुण्या-मुंबईच्या अनुभवी केंद्रांत डॉक्टर पुढे आणखी एक वाक्य जोडतात : ‘‘होऊ शकतं, पण तयारी करावी लागेल.’’ ही तयारी म्हणजे नेमके काय, ती कोणाला मानवते आणि तिची किंमत काय, हा आजचा विषय. अशा प्रत्यारोपणात ऑपरेशन नेहमीचेच असते. वेगळे असतात ते ऑपरेशनच्या आधीचे दोन-चार आठवडे आणि नंतरचे दोन. यश-अपयशाचा मोठा भाग तिथेच ठरतो.

पेशीवरची साखर

व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी रक्तगट शोधले आणि १९३० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. रक्तगट म्हणजे लाल पेशींच्या अंगावर असलेल्या साखरेच्या साखळीचे टोक. मूळ साखळीला एच म्हणतात. तिच्या टोकाला एका प्रकारची साखर लागली की गट ए, दुसऱ्या प्रकारची लागली की बी, दोन्ही असल्या की एबी आणि काहीच न लागता साखळी तशीच उघडी राहिली की ओ. एवढ्याशा फरकावर सगळे रक्तदान चालते.

गोम अशी, की ही साखर फक्त लाल पेशींवर नसते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असते, आणि मूत्रपिंड म्हणजे तर बारीक रक्तवाहिन्यांचे गुंतवळेच. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या आईच्या मूत्रपिंडावर आतून सगळीकडे ए ची सही आहे. रक्त धुऊन काढले म्हणून ती जाणार नाही.

मुलाच्या रक्तात ए विरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, आधीपासून तयार आहेत. त्याला आयुष्यात कधी ए गटाचे रक्त दिलेले नसले तरी. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही महिन्यांत आतड्यांत जिवाणूंची वस्ती होते. त्यांतल्या काहींच्या अंगावर ए आणि बी सारख्याच साखरा असतात. बाळाचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. जी साखर आपल्याच अंगावर आहे तिला मात्र सोडून देते. म्हणून ओ गटाच्या माणसाकडे ए आणि बी या दोन्हींविरुद्ध हत्यारे असतात आणि एबी वाल्याकडे एकही नसते.

तयारी न करता असे मूत्रपिंड बसवले तर ही प्रतिपिंडे अस्तराला चिकटतात, रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने खवळतात, वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि काही मिनिटांत किंवा काही तासांत मूत्रपिंड काळेनिळे पडते. १९५०च्या दशकात बोस्टनमध्ये डेव्हिड ह्यूम आणि सहकाऱ्यांना वेगळ्या गटाच्या मूत्रपिंडाचा कटू अनुभव आला आणि या वाटेला न गेलेले बरे, असे त्यांनी लिहून ठेवले. पुढची पंचवीस-तीस वर्षे जग बहुतेक त्याच सल्ल्याने चालले.

या कथेत महाराष्ट्राचेही एक पान आहे. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना अशा व्यक्ती आढळल्या, की ज्यांच्या पेशींवर मूळची एच साखळीच नव्हती. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि तो गट जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. वरवरच्या तपासणीत ही माणसे ओ गटाची वाटतात, पण त्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही. प्रत्यारोपणाआधी रक्तगट दोन्ही बाजूंनी, म्हणजे पेशींवरची साखर आणि रक्तातली प्रतिपिंडे अशा दोन्ही रीतींनी, तपासतात, त्याचे हेही एक कारण. ‘गट माहितीये आम्हाला’ म्हणून घाई करणाऱ्या नातेवाइकांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ताकात किती पाणी?

प्रत्येक ओ गटाच्या माणसात ए विरुद्धची प्रतिपिंडे सारखीच नसतात. कुणात चमचाभर, कुणात घागरभर. ती मोजण्याची रीत आजही मोठी साधी आहे. वाटीभर ताक घ्या, त्यात तेवढेच पाणी घाला, चव घ्या. त्यातले अर्धे घेऊन पुन्हा तेवढेच पाणी. पुन्हा चव. कितव्या वेळी ताकाची चव लागेनाशी होते, त्यावरून मूळ ताक किती आंबट होते ते कळते. प्रयोगशाळेत रुग्णाच्या रक्तद्रवात असेच दुपटीने पाणी वाढवत नेतात आणि प्रत्येक पायरीवर ए गटाच्या लाल पेशी घालून त्या गोळा होतात का ते पाहतात. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत गोळा होतात, तो आकडा म्हणजे टायटर. एकास आठ, एकास चौसष्ट, एकास दोनशे छप्पन्न, असा.

बहुतेक केंद्रांत ऑपरेशनच्या दिवशी हा आकडा एकास आठ किंवा त्याच्या आसपास उतरलेला हवा, असा दंडक असतो. काही ठिकाणी थोडा वर, काही ठिकाणी आणखी खाली. सुरुवातीलाच आकडा इतका कमी असेल तर रक्तद्रव गाळण्याची गरजही कधी कधी पडत नाही. एकास पाचशे बारा असेल तर बऱ्याच फेऱ्या लागतात आणि कधी कधी तरीही आकडा हटत नाही.

इथे एक कामाची गोष्ट. ही तपासणी जुन्या नळीच्या पद्धतीने केली तर एक आकडा येतो आणि जेल कार्डाच्या पद्धतीने केली तर बहुधा त्याहून चढा येतो. त्यामुळे शिरूरच्या प्रयोगशाळेतला कागद आणि पुण्यातला कागद शेजारी ठेवून ‘वाढलं की कमी झालं’ याचा हिशेब घरी करू नये. प्रत्यारोपण जिथे होणार तिथल्याच प्रयोगशाळेचा आकडा धरायचा, आणि तोच पुन्हा पुन्हा बघायचा.

आणखी एक सूक्ष्म फरक. ए गटातही ए-एक आणि ए-दोन असे पोटभेद आहेत. ए-दोन गटाच्या दात्याच्या पेशींवर साखर कमी असते, त्यामुळे त्याचे मूत्रपिंड ओ गटाच्या रुग्णाला तुलनेने सोपे जाते. आपल्याकडे बहुतेक ए गटाचे लोक ए-एकच असतात, पण तपासून घ्यायला काही जात नाही.

प्लीहा काढण्यापासून इंजेक्शनपर्यंत

बंद झालेली वाट पुन्हा उघडली ती बेल्जियममध्ये. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गी अलेक्सांद्र या शल्यचिकित्सकाने ठरवून, वेगळ्या रक्तगटाच्या जिवंत दात्यांची मूत्रपिंडे बसवायला घेतली. त्याची युक्ती दुहेरी होती : आधी रुग्णाचा रक्तद्रव यंत्राने बदलून प्रतिपिंडे उपसून काढायची आणि ऑपरेशनच्या वेळी प्लीहा, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो ती, काढून टाकायची. प्लीहा हे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचे मोठे ठाणे. ठाणेच उठवले.

पुढे या तंत्राला खरा आश्रय मिळाला जपानमध्ये. तिथे मेंदूमृत दात्यांकडून अवयव मिळणे फार दुर्मीळ. कायदाच १९९७ मध्ये आला. घरातला माणूस हाच जवळजवळ एकमेव दाता. मग त्याचा गट जुळत नाही म्हणून त्याला परत पाठवणे परवडणारे नव्हते. १९८९ पासून जपानी डॉक्टरांनी हे काम नेटाने चालवले आणि आज तिथल्या जिवंत दात्यांच्या प्रत्यारोपणांत तीसेक टक्के वेगळ्या गटांची असतात. भारताची स्थिती या बाबतीत युरोपपेक्षा जपानच्या जवळची आहे. आपल्याकडेही बहुतांश मूत्रपिंडे जिवंत नातेवाइकांचीच असतात. मरणोत्तर दानातून अवयव मिळावा म्हणून पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नाव नोंदवता येते, नोंदवावेच. पण यादी लांब आहे आणि ओ गटाच्या रुग्णांना ती आणखी लांब वाटते, कारण त्यांना ओ गटाचाच अवयव लागतो.

प्लीहा काढण्याची गरज संपवली ती एका कर्करोगाच्या औषधाने. रिटुक्सिमॅब. लसीका ग्रंथींच्या कर्करोगासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला परवानगी मिळाली. शरीरातल्या बी पेशी (या ‘बी’चा रक्तगटाशी संबंध नाही) पुढे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींत रूपांतरित होतात. रिटुक्सिमॅब त्यांच्या अंगावरची एक खूण ओळखून त्यांना संपवते. स्टॉकहोममध्ये गुन्नार ट्यूडेन यांच्या चमूने २००१ पासून प्लीहा न काढता हे औषध दिले आणि सोबत एक खास गाळणी वापरली. तिच्यातल्या मण्यांवर ए किंवा बी ची साखरच चिकटवलेली असते. रक्तद्रव तिच्यातून जाताना नेमकी तेवढीच प्रतिपिंडे अडकतात, बाकी सगळे परत शरीरात. गाळणी सुंदर आहे, किंमत सुंदर नाही. त्यामुळे आपल्याकडे अनेक ठिकाणी साधा प्लाझ्मा बदल किंवा दुहेरी गाळण यांवर काम भागवतात. रिटुक्सिमॅबची किंमत मात्र आवाक्यात आली, कारण हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये त्याची देशी आवृत्ती बाजारात आणली. या एका घटनेने आपल्याकडच्या किती घरांचे गणित जमले असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

पेरणीआधीची मशागत

आता आपल्या न्हावऱ्याच्या मुलाचे वेळापत्रक पाहू. ऑपरेशनच्या दोन ते चार आठवडे आधी रिटुक्सिमॅबचा एक डोस सलाइनमधून. त्यानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही तीन औषधे, जी इतर रुग्णांना प्रत्यारोपणाच्या सुमारास सुरू होतात, ती याला आठवडाभर किंवा त्याहून आधी. मग एक दिवसाआड रक्तद्रव बदलण्याच्या फेऱ्या आणि प्रत्येक फेरीनंतर टायटर. आकडा उतरतो, दुसऱ्या दिवशी थोडा चढतो, पुन्हा उतरतो. नातेवाइकांच्या जिवाची घालमेल या दिवसांत सर्वाधिक होते, कारण ऑपरेशनची तारीख त्या आकड्यावर टांगलेली असते.

रिटुक्सिमॅब दिले तरी गाळण का करावी लागते, असा प्रश्न रास्त आहे. हे औषध नवी प्रतिपिंडे बनवू शकणाऱ्या पेशी हटवते. रक्तात आधीच फिरत असलेली प्रतिपिंडे आणि ती बनवत बसलेल्या जुन्या, मुरलेल्या पेशी यांना ते हात लावत नाही. साठा उपसायला गाळणी आणि झरा आटवायला औषध, अशी ही विभागणी.

आणि मग इंडक्शन. हा शब्द ऐकला की पुष्कळांना शेगडी आठवते. प्रत्यारोपणात इंडक्शन म्हणजे ऑपरेशनच्या वेळी आणि लगेच नंतरच्या दिवसांत दिलेली, प्रतिकारशक्तीला काही काळ जोरात दाबणारी औषधे. अवयव नवा असतो, जखम ताजी असते, शरीर सर्वांत सावध असते. तेव्हा रोजच्या गोळ्यांचा जोर पुरत नाही. इथे दोन प्रमुख पर्याय आहेत. एक बॅसिलिक्सिमॅब : ऑपरेशनच्या दिवशी एक इंजेक्शन, चौथ्या दिवशी दुसरे. टी पेशींना ‘वाढा, फौज करा’ हा निरोप ज्या कडीतून मिळतो, ती कडी ते अडवते. पेशी मारत नाही. दुसरा एटीजी : सशांच्या शरीरात मानवी पेशी टोचून त्यांनी बनवलेली प्रतिपिंडे. हे औषध टी पेशींची फौजच कमी करते. जोरकस, पण त्याचा दाब पुष्कळ काळ राहतो.

नातेवाइकांची आणि कधी कधी वार्ताहरांचीही गल्लत होते ती इथे. रक्तगटाचा झगडा आहे प्रतिपिंडांशी. तो गाळणी आणि रिटुक्सिमॅब सांभाळतात. बॅसिलिक्सिमॅब आणि एटीजी ही मुख्यतः टी पेशींविरुद्धची औषधे. त्यांचा निर्णय इतर गोष्टी पाहून होतो. ऊतींची जुळणी, म्हणजे एचएलए, कशी आहे? रुग्णाला पूर्वी बरेच रक्त चढले आहे का? रुग्ण स्त्री असून दाता पती असेल तर बाळंतपणांमुळे तिच्या शरीरात पतीच्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का? क्रॉसमॅच काय सांगते? २००९च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सर्वसाधारण रुग्णासाठी बॅसिलिक्सिमॅबसारखे औषध आधी आणि धोका जास्त असेल तेव्हा एटीजीसारखे, असा क्रम लावला. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत वेगळा रक्तगटही मोजला. त्यामुळे केंद्रांचे मतभेद आहेत. काही ठिकाणी गट वेगळा म्हटला की एटीजी ठरलेले. काही ठिकाणी ऊतींची जुळणी बरी असेल तर बॅसिलिक्सिमॅबच, आणि तेवढ्यावर चांगले निभावते असा त्यांचा अनुभव. रिटुक्सिमॅबने बी पेशी आधीच गेलेल्या, त्यात टी पेशीही काढल्या तर रुग्णाकडे संसर्गाशी लढायला उरते काय, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न. आपल्या हवेत, आपल्या पाण्यात आणि क्षयरोगाच्या आपल्या देशात तो मला अधिक वजनदार वाटतो.

चौदा दिवसांचा पहारा

मूत्रपिंड बसले, लघवी झाली, क्रिएटिनीन उतरू लागले. तरी पहिले दोन आठवडे टायटर रोज किंवा एक दिवसाआड मोजतात. आकडा भराभर चढला आणि क्रिएटिनीनही चढले तर लगेच पुन्हा गाळण. या काळात आणखी एक धोका असतो रक्तस्रावाचा, कारण रक्तद्रव बदलताना प्रतिपिंडांबरोबर रक्त गोठवणारे घटकही निघून जातात.

आणि मग एक नवल घडते. दोन आठवड्यांनंतर प्रतिपिंडे परत आली तरी बहुतेकांच्या मूत्रपिंडाला काही होत नाही. ए विरुद्धची प्रतिपिंडे रक्तात, ए ची साखर मूत्रपिंडात, आणि तरी शांतता. बायोप्सीत तर प्रतिपिंडे चिकटल्याची खूणही दिसते, पण इजा दिसत नाही. याला अकोमोडेशन म्हणतात; आपण ‘रुळणे’ म्हणू. नव्या घरातल्या सुनेसारखे मूत्रपिंडाचे अस्तर स्वतःला सावरते, कॉम्प्लिमेंटचा मारा परतवणारी प्रथिने जास्त बनवते, असे संशोधक सांगतात. त्यामागची सगळी यंत्रणा अजून उलगडलेली नाही. पण सगळी तयारी, सगळा खर्च हा या दोन आठवड्यांची खिंड लढवण्यासाठी असतो. ऊतींविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या बाबतीत असे रुळणे सहसा मिळत नाही, म्हणून जाणकारांना रक्तगटापेक्षा वाईट क्रॉसमॅचचीच धास्ती जास्त असते.

किंमत, दोन्ही अर्थांनी

वेगळ्या गटाचे मूत्रपिंड जुळत्या गटाइतकेच चालते, असे जाहिरातीच्या थाटात सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, जगभरचे अभ्यास एकत्र करणाऱ्या विश्लेषणाने दाखवले की पहिल्या काही वर्षांत वेगळ्या गटाच्या रुग्णांत मृत्यूचे आणि मूत्रपिंड गमावण्याचे प्रमाण जुळत्या गटापेक्षा जास्त असते, नंतर हा फरक पुसट होत जातो. सुरुवातीच्या या जादा मृत्यूंत संसर्गाचा वाटा मोठा. मात्र तुलना कुणाशी करायची हेही पाहिले पाहिजे. ज्याला जुळता दाता मिळणारच नाही, त्याच्यासमोरचा पर्याय आदर्श प्रत्यारोपण नसून वर्षानुवर्षांचे डायलिसिस असते, आणि त्या तुलनेत वेगळ्या गटाचे प्रत्यारोपण सरस ठरते.

संसर्गाची तयारी औषधांच्या आधीच करायची असते, आणि इथे आपल्याकडे हमखास ढिलाई होते. रिटुक्सिमॅबनंतर काही महिने शरीर लशीला नीट दाद देत नाही. म्हणून हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकस, फ्लू यांच्या लशी आधी हव्यात. डायलिसिसवरच्या रुग्णाला हिपॅटायटिस बी ची लस जादा मात्रेत, कित्येक महिन्यांत विभागून द्यावी लागते. ऑपरेशन ठरल्यावर ती सुरू करून उपयोग नाही. शरीरात हिपॅटायटिस बी दडून बसला असेल तर रिटुक्सिमॅब त्याला जागे करू शकते, म्हणून त्याची सखोल तपासणी आधी. जुन्या क्षयाचा डाग छातीच्या फोटोत आहे का, घरात कुणाला अलीकडे क्षय झाला होता का, हे लपवू नये. क्षयावरचे रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी खाली खेचते. म्हणजे क्षय बरा करताना मूत्रपिंड हातचे जाऊ शकते. बीके नावाचा एक विषाणूही असतो, जो एरवी निमूट झोपलेला असतो आणि प्रतिकारशक्ती फार दाबली की नेमका नव्या मूत्रपिंडावरच हल्ला करतो. त्यावर खात्रीचे औषध नाही. दाब कमी करणे हाच उपाय.

पैशाची बाजू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली. पण वेगळ्या गटासाठी गाळण, रिटुक्सिमॅब, वारंवार टायटर आणि लांबलेला मुक्काम यांनी खर्च आणखी काही लाखांनी वाढतो. त्यातले योजनेत काय बसते आणि काय नाही, हे रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावे. शेत गहाण टाकायचे ठरवण्याआधी दुसरी एक वाट मात्र तपासलीच पाहिजे.

अदलाबदल आणि ओ गटाचे दुर्दैव

ती वाट म्हणजे अदलाबदल. एका घरात नवरा ए, बायको बी. दुसऱ्या घरात नवरा बी, बायको ए. दोन्ही घरांत जुळत नाही, पण बायकांनी एकमेकींच्या नवऱ्यांना मूत्रपिंड दिले की दोन्ही जुळतात. जादा औषध नाही, गाळण नाही. २०११ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्याने याला मान्यता दिली आणि आजी-आजोबा, नातवंडे यांनाही जवळच्या नातेवाइकांत घेतले. अहमदाबादची सरकारी मूत्रपिंड संस्था या कामात जगात नावाजलेली आहे. मुंबईत २०१३ मध्ये पाच जोड्यांची साखळी एकाच वेळी गुंफली गेली होती. अदलाबदलीला प्राधिकार समितीची परवानगी लागते आणि कागदपत्रांची छाननी कडक असते. ती का कडक असावी, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको : २०२२ मध्ये शहरातल्या एका रुग्णालयात अशाच अदलाबदलीत भलतीच स्त्री पत्नी म्हणून उभी केल्याचे प्रकरण उघडकीला आले होते.

ए आणि बी गटांच्या जोडीने आधी अदलाबदलीची यादी धुंडाळावी, औषधांचा मार्ग नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आपल्या न्हावऱ्याच्या मुलाला ही वाट सहजी मिळत नाही. त्याला ओ गटाचा दाता हवा. आणि ओ गटाचा दाता ज्या घरात आहे त्या घराला सहसा अदलाबदलीची गरजच पडत नाही, कारण ओ चे मूत्रपिंड कुणालाही चालते. शिवाय ओ गटाच्या रुग्णांत प्रतिपिंडांचा आकडाही अनेकदा चढा. म्हणजे ज्यांना ही तयारी सर्वांत जास्त लागते, त्यांच्यातच ती सर्वांत अवघड. त्यांच्यासाठी मरणोत्तर दानाची यादी, अदलाबदल आणि ही औषधांची वाट अशा तिन्ही ठिकाणी एकदम पाय ठेवणे शहाणपणाचे.

दात्याबद्दल आणखी एक. देशात जिवंत दात्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया असतात आणि घेणारे बहुतेक पुरुष. आई किंवा बायको ‘हो’ म्हणते तेव्हा तिला एकटीला बसवून, घरच्यांना बाहेर पाठवून, पुन्हा विचारले पाहिजे. वेगळ्या गटाच्या बाबतीत तर हेही सांगितले पाहिजे, की तयारी अर्ध्यावर थांबू शकते. त्यात तिचा दोष नसतो.

घरी परतल्यावर

तीन महिने धुळीपासून, गर्दीपासून जपा, हे सांगणे सोपे. न्हावऱ्यात गळिताच्या हंगामात हवेत बगॅसची भुकटी, दारात गोठा, अंगणात शेणखत. कुजत्या पाल्यात, ओल्या बगॅसमध्ये, खताच्या ढिगात बुरशी असते आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या फुप्फुसाला ती पुरते. तेव्हा गोठ्याचे काम पहिले वर्ष दुसऱ्याने करावे, पाणी उकळून घ्यावे, शंभरच्या वर ताप गेला तर गावातल्या दुकानातून गोळी न आणता प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा. काही प्रतिजैविके आणि बुरशीची औषधे टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने चढवतात. पपनसही चढवते, ते फळ बंद. वेदनाशामक गोळ्या आणि पाहुण्यांनी सुचवलेले काढे यांचेही तसेच.

तपासणीचा दिवस असेल तेव्हा टॅक्रोलिमसची पातळी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी मोजायची असते. रात्री नऊला गोळी घेणाऱ्याने सकाळी नऊला पुण्यात प्रयोगशाळेत रक्त द्यायला हजर असायला हवे. म्हणजे पहाटेची एसटी, आणि सकाळची गोळी पोटात न घेता शर्टाच्या खिशात.